विश्लेषण : पोटाचे ‘जुने ऑपरेशन’ झालेल्यांच्या पित्तनलिकेवर उपचार अवघड का ठरतात?

पित्तनलिकेत अडकलेला खडा पोट न फाडता, तोंडातून दुर्बीण घालून काढता येतो. ‘ईआरसीपी’ नावाची ही प्रक्रिया नाशिकसारख्या शहरांत आता नवलाईची राहिलेली नाही. मात्र ज्यांच्या जठराची, आतड्याची किंवा पित्तनलिकेची शस्त्रक्रिया पूर्वी झाली आहे, अशा रुग्णांमध्ये हीच प्रक्रिया अर्ध्यावर सोडावी लागू शकते. दुर्बीण आत जाते, पण जिथे पोहोचायचे तिथे पोहोचत नाही. निफाड तालुक्यातील विंचूरसारख्या गावातून सुमारे ५५ किलोमीटरवरच्या नाशिकला आणि तिथून पुन्हा मुंबई-पुण्याला धावणाऱ्या कुटुंबासाठी ही फेरी महागात पडते. कधी ती जिवावरही बेतते. यात तंत्रज्ञानाची मर्यादा किती, आणि जुन्या शस्त्रक्रियेची नोंद हाताशी नसल्याचा वाटा किती?

ईआरसीपी म्हणजे नेमके काय?

यकृतात तयार होणारे पित्त पित्तनलिकेतून लहान आतड्याच्या पहिल्या भागात, म्हणजे ड्युओडेनममध्ये उतरते. ते जिथे उतरते तिथे आतड्याच्या आतल्या भिंतीवर एक छोटा उंचवटा असतो. त्याला पॅपिला म्हणतात. स्वादुपिंडाची नळीही तिथेच उघडते.

ईआरसीपीमध्ये डॉक्टर तोंडावाटे अन्ननलिका, जठर आणि ड्युओडेनम असा प्रवास करून पॅपिलेपर्यंत पोहोचतात. या दुर्बिणीचा कॅमेरा टोकाला नव्हे, तर बाजूला असतो. कारण पॅपिला समोर नसून बाजूच्या भिंतीवर असते. मग बारीक तार पित्तनलिकेत सरकवली जाते, रंगद्रव्य सोडून एक्स-रेवर नळीचे चित्र घेतले जाते, पॅपिलेचे तोंड थोडे रुंद केले जाते आणि फुगा किंवा जाळीच्या साह्याने खडा बाहेर ओढला जातो. अडथळा गाठीचा असेल तर नळी उघडी राहावी म्हणून स्टेंट बसवतात.

१९६८ मध्ये अमेरिकेत विल्यम मॅक्यून आणि सहकाऱ्यांनी दुर्बिणीच्या साह्याने पॅपिलेत नळी घालून दाखवली. १९७४ मध्ये जर्मनी आणि जपानमधील डॉक्टरांनी पॅपिलेचे तोंड कापून खडा काढण्याचे तंत्र मांडले. तेव्हापासून पित्तनलिकेच्या खड्यासाठी मोठी शस्त्रक्रिया करण्याची गरज झपाट्याने कमी झाली. केवळ निदानासाठी आता ईआरसीपी सहसा करत नाहीत. ते काम एमआरसीपी ही एमआरआय तपासणी करते.

पोटाची रचना मूळची असेल, तर अनुभवी हातांत ईआरसीपी शंभरात नव्वदहून अधिक वेळा यशस्वी होते. अर्थात ती धोकामुक्त नाही. शंभरात साधारण तीन ते दहा रुग्णांना त्यानंतर स्वादुपिंडाला सूज येते. रक्तस्राव, संसर्ग किंवा आतड्याला छिद्र पडणे हे धोकेही असतात.

जुन्या शस्त्रक्रियेने नेमके काय बदलते?

हे रस्त्याच्या भाषेत सांगायचे तर, गावाबाहेरून बाह्यवळण काढले की वाहने बाहेरून निघून जातात. गावातली घरे मात्र जुन्याच रस्त्यावर राहतात. पोटाच्या अनेक शस्त्रक्रियांमध्ये अन्नासाठी असेच बाह्यवळण काढलेले असते. जठर थेट पुढच्या आतड्याला जोडले जाते. ड्युओडेनम आणि त्यातली पॅपिला आपल्या जागीच असतात, पित्तही तिथेच उतरत राहते. पण तोंडातून गेलेले अन्न त्या वाटेने जात नाही.

दुर्बीण तोंडातून जाते, म्हणजे ती अन्नाच्या वाटेने जाते. त्यामुळे तिला आधी बाह्यवळणाने पुढे जाऊन जुना आणि नवा रस्ता जिथे मिळतात तो फाटा गाठावा लागतो. तिथून वळून जुन्या रस्त्याने उलट दिशेने वर यावे लागते. आतड्याच्या आत फलक नसतात. फाट्यावर दोन किंवा तीन तोंडे दिसतात आणि कोणते पित्ताकडे जाते हे ओळखावे लागते. पूर्वीच्या शस्त्रक्रियेमुळे आतडी एकमेकांना चिकटलेली असतील, तर वळणे अधिकच तीव्र होतात.

एवढे करून पॅपिला गाठली तरी ती खालच्या बाजूने, म्हणजे उलटी दिसते. सरळ वाटेने शिकलेले सगळे कोन इथे फिरवून घ्यावे लागतात.

असे रुग्ण कोण असतात?

पहिला गट अल्सरच्या जुन्या रुग्णांचा. १९७० आणि ८० च्या दशकांत जठराचा किंवा ड्युओडेनमचा अल्सर चिघळला की शस्त्रक्रिया हा नेहमीचा उपाय होता. काहींच्या जठराचा खालचा भाग काढून उरलेले जठर आतड्याला जोडत. व्हिएन्नाचे शल्यविशारद थिओडोर बिलरोथ यांनी १८८१ मध्ये जठराचा भाग यशस्वीपणे काढला. त्यांच्या १८८५ च्या दुसऱ्या पद्धतीला ‘बिलरोथ-२’ म्हणतात. काहींचे जठर न काढता आतड्याला फक्त नवी जोडणी दिली जाई.

पुढे आम्ल कमी करणारी प्रभावी औषधे आली. १९८२ मध्ये बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी अल्सरमागचा जिवाणू शोधला. त्यासाठी त्यांना २००५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. अल्सरच्या शस्त्रक्रिया विरळ झाल्या, पण त्या झालेली माणसे आहेत. तेव्हा पंचविशी-तिशीत असलेले आज पासष्ट-सत्तरीत आहेत. पित्तनलिकेत खडा किंवा गाठ होण्याचे वयही नेमके तेच.

दुसरा गट पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत इजा झालेल्यांचा. भारतात दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केली. आज ती तालुक्याच्या गावीही होते आणि बहुतेकांत सुरळीत पार पडते. मात्र दोनशे-तीनशे शस्त्रक्रियांमागे एखाद्यात पित्तनलिकेला इजा होते, हे जगभरचे प्रमाण आहे. मोठी इजा असेल तर पित्तनलिका थेट आतड्याच्या वळलेल्या फाट्याला जोडतात. काही वर्षांनी ही जोड आक्रसली तर वर यकृतात पित्त तुंबते आणि खडे होतात. इथे तर पॅपिलेचा मार्ग उपयोगाचाच राहत नाही. आतड्यात लपलेली जोड शोधावी लागते.

तिसरा गट स्वादुपिंडाच्या डोक्याजवळची गाठ काढलेल्यांचा. अमेरिकी शल्यविशारद ॲलन व्हिपल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या शस्त्रक्रियेत ड्युओडेनमच काढले जाते. जठर, पित्तनलिका आणि स्वादुपिंड वेगवेगळ्या ठिकाणी आतड्याला जोडले जातात. यकृत प्रत्यारोपण झालेल्या आणि लहानपणी पित्तनलिकेची जन्मजात गाठ काढलेल्या काही रुग्णांतही अशा जोडण्या असतात.

चौथा गट नवा आणि वाढता आहे. तो म्हणजे लठ्ठपणासाठी बायपास केलेल्यांचा. त्यात जठराची छोटी पिशवी वेगळी करून ती आतड्याला जोडतात. उरलेले मोठे जठर पोटातच राहते, पण तोंडाशी त्याचा संबंध तुटतो. इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रियेत जठर फक्त अरुंद केले जाते, रस्ता तोच राहतो. त्यामुळे स्लीव्ह झालेल्यांत ईआरसीपी सहसा नेहमीसारखी होऊ शकते. बायपास झालेल्यांत होत नाही. घरच्यांच्या बोलण्यात मात्र दोन्हींना ‘वजनाचे ऑपरेशन’ हे एकच नाव असते.

आणखी एक दुवा असा, की वजन झपाट्याने उतरले की पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत बायपासनंतर सहा महिन्यांत औषध न घेतलेल्या ३२ टक्के रुग्णांत खडे आढळले. अर्सोडीऑक्सिकोलिक ॲसिड हे औषध रोज ६०० मिलिग्रॅम घेतलेल्यांत हे प्रमाण २ टक्के होते. म्हणजे ज्या शस्त्रक्रियेने वाट बदलते, तीच खड्यांची शक्यताही वाढवते.

लांबीचे गणित काय सांगते?

ईआरसीपीच्या नेहमीच्या दुर्बिणीची कामाची लांबी सुमारे १२५ सेंटिमीटर असते. मूळ रचनेत दुर्बीण सरळ केली की पॅपिला तोंडापासून साधारण ६० ते ७० सेंटिमीटरवर येते. त्यामुळे लांबी पुरून उरते.

लठ्ठपणाच्या बायपासमध्ये हे गणित कोलमडते. तोंडापासून जठराच्या पिशवीपर्यंत साधारण ४५ सेंटिमीटर धरा. त्यापुढे अन्नाचा फाटा १०० ते १५० सेंटिमीटर. मग वळून पित्ताच्या फाट्याने उलट वर यायचे, ते आणखी ५० ते ७५ सेंटिमीटर. बेरीज जाते १९५ ते २७० सेंटिमीटर. भारतात बऱ्याच प्रमाणात होणाऱ्या ‘मिनी बायपास’मध्ये जोड एकच असते, पण पित्ताचा फाटा अनेकदा १५० ते २०० सेंटिमीटरचा ठेवलेला असतो. नेहमीची दुर्बीण इथे पोहोचत नाही, मग डॉक्टर कितीही कुशल असोत.

याउलट बिलरोथ-२ मध्ये उलटा फाटा तुलनेने आखूड असतो. अनुभवी डॉक्टर तिथे बऱ्याचदा नेहमीच्या किंवा सरळ पाहणाऱ्या दुर्बिणीने पोहोचतात. जठराला नुसती जोडणी दिली असेल आणि जुने तोंड खुले असेल, तर मूळ वाटेनेही जाता येते. म्हणजे ‘पोटाचे ऑपरेशन झाले आहे’ एवढी माहिती पुरेशी नाही. कोणते ऑपरेशन, यावर पुढचे सगळे ठरते.

अडचण पोहोचण्याची की उपचाराची?

अमेरिकेतील अनेक केंद्रांचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. बदललेल्या रचनेच्या १२९ रुग्णांवर लांब दुर्बिणीने ईआरसीपीचा प्रयत्न झाला. एकूण यश मिळाले ६३ टक्के रुग्णांत. पण ज्यांच्यात दुर्बीण योग्य जागी पोहोचली, त्यांच्यातील यश ८८ टक्के होते.

या दोन आकड्यांतील अंतरातच या विषयाचे मर्म आहे. बहुतेक अपयश पित्तनलिकेच्या दाराशी नव्हे, तर दारापर्यंतच्या वाटेवर येते. वाट आधीच माहीत असेल, तर अपयशाचा अंदाजही आधी बांधता येतो आणि सुरुवातीलाच दुसरी पद्धत निवडता येते. फाट्यांची एकत्रित लांबी १५० सेंटिमीटरहून कमी असेल तर लांब दुर्बिणीला यश मिळण्याची शक्यता जास्त असते, हेही अभ्यासांत दिसले आहे. पण ही लांबी लिहिलेली असते फक्त जुन्या शस्त्रक्रियेच्या टिपणात.

पर्याय कोणते आहेत?

*फुग्याची दुर्बीण :* जपानचे डॉ. हिरोनोरी यामामोटो यांनी २००१ मध्ये दोन फुग्यांच्या दुर्बिणीचे तंत्र जगासमोर आणले. सुमारे २०० सेंटिमीटर लांबीच्या या दुर्बिणीवर एक बाह्यनळी असते. फुगे आळीपाळीने फुगवून-सोडून आतडे नळीवर गोळा केले जाते. पायजम्यात नाडी ओवताना कापड चुणत नेतात, तसेच काहीसे. त्यामुळे दुर्बिणीच्या लांबीपेक्षा दूरवर जाता येते. एका फुग्याचा प्रकारही आहे. यात पोटावर छेद लागत नाही. पण प्रक्रियेला वेळ लागतो, भूलतज्ज्ञ लागतो, आतडे फुगवण्यासाठी हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरणे श्रेयस्कर असते आणि इतक्या लांब दुर्बिणीत चालणारी अवजारे मोजकीच मिळतात.

*शस्त्रक्रियेच्या साथीने ईआरसीपी :* लठ्ठपणाच्या बायपासनंतर पोटात राहिलेल्या जठराला लॅप्रोस्कोपीने छोटे छिद्र पाडून त्यातूनच नेहमीची दुर्बीण आत घालतात. ३४ केंद्रांतील ५७९ रुग्णांच्या २०१८ मधील अभ्यासात याचे यश ९८ टक्के होते. गुंतागुंतीचे प्रमाण मात्र १८ टक्के होते. पित्ताशयही काढायचे असेल तर एकाच भुलीत दोन्ही कामे उरकतात. शल्यविशारद आणि एंडोस्कोपी तज्ज्ञ एकाच वेळी, एकाच शस्त्रक्रियागृहात हवेत, ही त्याची अट.

*एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड :* दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफी बसवलेली असते. तिच्या साह्याने जठराच्या भिंतीतून यकृतातील फुगलेल्या पित्तनलिकेत सुई घालून तिथे स्टेंट बसवता येतो. बायपास झालेल्यांत वेगळ्या पडलेल्या जठरापर्यंत धातूच्या रुंद स्टेंटचा पूल टाकून त्यातून नेहमीची ईआरसीपी करण्याची पद्धत गेल्या दशकभरात रुजली आहे. यश चांगले असले तरी स्टेंट महाग आहे, तो सरकू शकतो आणि काढल्यावर वाट बंद झाली की नाही हे पाहावे लागते.

*त्वचेतून नळी :* रेडिओलॉजिस्ट बरगड्यांजवळून सुई घालून थेट यकृतातील पित्तनलिकेत नळी सोडतात. याला पीटीबीडी म्हणतात. आतड्याची रचना कशीही असो, यात फरक पडत नाही. पित्त बाहेरच्या पिशवीत निघते आणि दाब उतरतो. पुढे याच वाटेने जोड रुंद करणे किंवा खडे काढणेही शक्य असते. पिशवी सांभाळणे, नळी निसटणे आणि रक्तस्राव या तिच्या अडचणी.

या सगळ्यांनंतरही मार्ग निघाला नाही, तर खुली शस्त्रक्रिया उरते.

यातील काय केव्हा निवडतात?

पहिला निकष म्हणजे वेळ किती आहे. पित्तनलिका अडलेली आणि त्यात जंतुसंसर्ग झालेला असेल, तर थंडी वाजून ताप, कावीळ आणि पोटाच्या वरच्या उजव्या भागात दुखणे ही तीन लक्षणे दिसतात. सगळी एकदम दिसतीलच असे नाही. रक्तदाब उतरणे, ग्लानी येणे, लघवी कमी होणे ही गंभीर अवस्थेची खूण. अशा वेळी प्रतिजैविके सुरू करून तुंबलेले पित्त लवकरात लवकर बाहेर काढणे महत्त्वाचे असते. खडा नंतर काढता येतो. या टप्प्यावर फुग्याची दुर्बीण असलेले दूरचे केंद्र शोधत बसण्यापेक्षा, जवळच्या सुसज्ज रुग्णालयात पीटीबीडी होत असेल तर ती जीव वाचवू शकते.

दुसरा निकष शस्त्रक्रियेचा प्रकार. आखूड फाटा असेल तर आधी दुर्बीण, लांब फाटा असेल तर लॅप्रोस्कोपीची साथ किंवा अल्ट्रासाउंडची वाट. तिसरा निकष यकृतातील नळ्या फुगल्या आहेत की नाहीत. त्या फुगलेल्या नसतील तर पीटीबीडी कठीण जाते. आणि चौथा निकष, त्या रुग्णालयात कोणते कौशल्य नियमितपणे वापरात आहे.

विंचूरपासून अडचण कुठे सुरू होते?

विंचूर हे नाशिक-छत्रपती संभाजीनगर मार्गावरचे, लासलगाव बाजार समितीचा उपबाजार आणि वाइन पार्क असलेले गाव. रस्ता आहे, वाहन मिळते, १०८ रुग्णवाहिका आहे. लासलगावला ग्रामीण रुग्णालय, निफाडला उपजिल्हा रुग्णालय आणि पुढे नाशिक अशी उपचारांची चढती साखळी आहे. अडचण अंतरापेक्षा माहितीच्या साखळीत आहे.

पहिला खोळंबा कावीळ ओळखण्यात होतो. ग्रामीण भागात कावीळ म्हटले की झाडपाल्याचे औषध किंवा ‘कावीळ उतरवणे’ आजही चालते. विषाणूमुळे झालेली कावीळ अनेकदा आपोआप ओसरते, त्यामुळे या उपायांवरचा विश्वास टिकतो. पण अंगाला खाज, पांढुरकी शौच, गडद लघवी आणि थंडी-ताप असेल, तर ती नळी अडल्याची कावीळ असू शकते. कांदा काढणीच्या दिवसांत ताप अंगावर काढला, तर हातातले दिवस निघून जातात.

दुसरा खोळंबा संदर्भचिठ्ठीवर होतो. समजा, सत्तरीच्या एका शेतकऱ्याची सोनोग्राफी झाली आणि पित्तनलिकेत खडा दिसला. चिठ्ठीवर ‘ईआरसीपीसाठी’ एवढेच लिहिले जाते. पोटावरच्या मधोमध उभ्या व्रणाबद्दल कोणी विचारले, तर उत्तर मिळते, ‘तीस-चाळीस वर्षांपूर्वी अल्सरचे ऑपरेशन झाले होते.’ कोणत्या पद्धतीने, हे घरात कोणालाच ठाऊक नसते. मग नाशिकला दुर्बीण आत गेल्यावरच उलगडा होतो की वाट बदललेली आहे. भूल दिलेली असते, खर्च झालेला असतो आणि रुग्णाला पुन्हा पुढे पाठवावे लागते.

पुढे म्हणजे बहुधा महानगरात. या क्षेत्रातले कौशल्य देशात आहे आणि त्याची दखलही घेतली गेली आहे. मुंबईचे एंडोस्कोपी तज्ज्ञ डॉ. अमित मायदेव यांना २०१३ मध्ये पद्मश्री, तर हैदराबादचे डॉ. डी. नागेश्वर रेड्डी यांना २०२५ मध्ये पद्मविभूषण जाहीर झाले. पण फुग्याची दुर्बीण, अल्ट्रासाउंड दुर्बीण, प्रशिक्षित रेडिओलॉजिस्ट आणि शल्यविशारद हे सगळे एका छताखाली असणे मोठ्या केंद्रांतच परवडते. असे रुग्ण संख्येने थोडे असतात आणि हात सरावाने बसतो. त्यामुळे प्रत्येक जिल्ह्यात ही यंत्रणा उभी करावी, ही मागणी व्यवहार्य नाही. व्यवहार्य आहे ते एवढेच, की कोणता रुग्ण थेट मोठ्या केंद्रात पाठवायचा हे पहिल्याच पायरीवर कळावे.

नोंदींबाबत नियम काय सांगतो?

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचारसंहितेनुसार, दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवणे डॉक्टरांना बंधनकारक आहे. रुग्णाने किंवा त्याने नेमलेल्या व्यक्तीने मागितल्यास त्या ७२ तासांत द्याव्या लागतात.

बदललेली रचना मात्र आयुष्यभर टिकते. चाळीस वर्षांपूर्वी ज्या रुग्णालयात जठराची जोडणी झाली, ते आज बंद झालेले असू शकते. चालू असले तरी कागद ठेवण्याचे बंधन कधीच संपलेले आहे. घरातली फाइल वाळवीने खाल्ली किंवा घर बदलताना गेली, की ती माहिती जगात कुठेच उरत नाही. उरतो तो फक्त व्रण. अशा वेळी सीटी स्कॅन आणि एमआरसीपीवरून रचनेचा अंदाज बांधावा लागतो. तो बराच उपयोगी असतो, पण फाट्यांची लांबी त्यातून नेमकी कळेलच असे नाही.

दुसरी उणीव डिस्चार्ज कार्डाची. त्यावर शस्त्रक्रियेचे नाव एका ओळीत, अनेकदा इंग्रजी आद्याक्षरांत असते. काय कापले, काय कशाला जोडले आणि फाटे किती लांब ठेवले, हा तपशील शस्त्रक्रियेच्या टिपणात असतो. ते टिपण न मागता रुग्णाच्या हाती सहसा पडत नाही.

डिजिटल आरोग्य नोंदींनी प्रश्न सुटेल का?

काही अंशी. २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशनची देशभर घोषणा झाली. त्यात प्रत्येकाला १४ अंकी ‘आभा’ क्रमांक मिळतो आणि त्याला आरोग्याच्या नोंदी जोडता येतात. पण रुग्णालयाने नोंद डिजिटल केली आणि जोडली, तरच ती दिसते. जुन्या, हस्तलिखित नोंदी आपोआप तिथे येणार नाहीत.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवी नियमावली काढली होती. त्यात तीन वर्षांच्या आत नोंदी पूर्णपणे डिजिटल करण्याची अट होती. त्याच महिन्यात, जेनेरिक औषधांच्या तरतुदीसह इतर मुद्द्यांवरील विरोधानंतर, ती नियमावली स्थगित झाली आणि २००२ चेच नियम कायम राहिले. म्हणजे तूर्त तरी कागद जपण्याची जबाबदारी प्रत्यक्षात रुग्णाच्याच घरावर आहे.

खर्चाचे काय?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडून राबवली जाते. १ जुलै २०२४ पासून राज्यातील सर्व कुटुंबांसाठी वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण लागू झाले. मात्र संरक्षणाची रक्कम आणि प्रत्यक्ष उपचार यांत फरक असतो. ज्या रुग्णालयात जायचे ते योजनेच्या यादीत आहे का, त्या विभागासाठी आहे का आणि सुचवलेली नेमकी प्रक्रिया पॅकेजमध्ये बसते का, हे तीन प्रश्न दाखल होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला विचारायला हवेत. योजनेची मदतवाहिनी १५५३८८ आणि १८००२३३२२०० या क्रमांकांवर आहे. पहिला प्रयत्न चुकीच्या केंद्रात होऊन फसला, तर प्रवास, राहणे आणि बुडालेली मजुरी कुठल्याच योजनेत पूर्णपणे भरून निघत नाही.

रुग्ण आणि कुटुंबाने काय करावे?

जठर, आतडे, पित्ताशय, पित्तनलिका किंवा स्वादुपिंडाची शस्त्रक्रिया झाली असेल, तर डिस्चार्ज कार्डासोबत शस्त्रक्रियेचे टिपण मागून घ्यावे. शस्त्रक्रिया गेल्या तीन वर्षांतली असेल तर लेखी अर्जावर ते मिळण्याचा हक्क आहे. जुनी असेल तरी विचारून पाहायला हरकत नाही; काही रुग्णालये नोंदी अधिक काळ ठेवतात.

दोन्ही कागदांचे स्पष्ट फोटो फोनमध्ये आणि डिजिलॉकरसारख्या ठिकाणी ठेवावेत. घरातील किमान आणखी एका व्यक्तीच्या फोनमध्येही ते असावेत. कारण रुग्ण ग्लानीत असताना त्याच्या फोनचा पासवर्ड कोणाला ठाऊक नसतो. घरातील वयस्कांच्या पोटावर जुना व्रण असेल, तर ते ठणठणीत असतानाच विचारून ठेवावे, की ऑपरेशन कशाचे, कोणत्या साली, कोणत्या गावी आणि कोणत्या दवाखान्यात झाले.

ईआरसीपीसाठी पाठवले जात असेल, तर जुन्या शस्त्रक्रियेचा उल्लेख चिठ्ठीवर लिहून घ्यावा आणि निघण्यापूर्वी त्या केंद्राला फोन करून सांगावा. ‘अशा रुग्णाची ईआरसीपी तुमच्याकडे होते का? दुर्बीण पोहोचली नाही, तर तिथेच दुसरी सोय आहे का?’ हे दोन प्रश्न विचारले, तर एक फेरी वाचू शकते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असतील तर तेही सांगावे. कावीळ लांबली की रक्त गोठण्याची क्षमता घटते, म्हणून त्याची तपासणी आधी होते.

प्रक्रियेनंतर घरी आल्यावर पोटात तीव्र दुखणे, ताप, उलटीतून रक्त किंवा काळी शौच दिसली, तर थांबू नये. आणि थंडी-तापासह कावीळ असेल, तर कागद शोधण्यासाठीही थांबू नये. आधी जवळचे रुग्णालय गाठावे आणि कागद मागून पाठवावेत.

सरकारी पातळीवर यासाठी नवे यंत्र किंवा नवी इमारत लागत नाही. पोटाच्या प्रत्येक मोठ्या शस्त्रक्रियेनंतर डिस्चार्ज कार्डावर नवी जोडणी कशी आहे, याची एक साधी आकृती आणि फाट्यांची लांबी छापील रकान्यात भरणे बंधनकारक केले, आणि संदर्भचिठ्ठीत ‘पूर्वीची पोटाची शस्त्रक्रिया’ हा स्वतंत्र रकाना ठेवला, तरी बराच फरक पडेल. आज बायपास करून घेणाऱ्या तिशीतल्या रुग्णाला हा कागद कदाचित २०५५ मध्ये लागेल. तो तेव्हा सापडेल का, हे आजच्या नियमांनुसार तरी कोणाचीच जबाबदारी नाही.